आषाढात गप्प झालेलं मशीन

बंगळूर, चिकपेट
६ जून १९६०

चि. जयसिंग यास सकवार अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अंबुबाईचे गुडघे कसे आहेत? जिना चढवत नाही म्हणून मागे लिहिलं होतंस. एरंडेल कोमट करून चोळायला सांग, आणि चोळल्यावर लगेच परसात घागरी भरायला जाऊ नको म्हणावं. ती जाणार, मला ठाऊक आहे. प्राणेशचा खोकला गेला का? संध्याकाळचं ताक बंद कर त्याचं. यल्लव्वा अजून दळायला येते का, तिला डोळ्यांनी दिसतं का नीट? आपल्याला कडेवर घेऊन वाढवलं तिनं, तिची चौकशी मी केली असं मुद्दाम सांग. आणि तुझी दाढ? काढलीस की अजून लवंग धरून बसला आहेस? एवढा हुबळीचा जयसिंगराव, पण दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की लहानपणी लपायचास तसा लपतोस.

आमच्याकडे सगळे ठीक, असं लिहून मी दरवेळी पत्र मिटते. या वेळी मिटवत नाही.

माघात तुला तार केली होती, मुलगी झाली, दोघी सुखरूप. तारेत तेवढंच मावतं. मुलगी सुखरूप होती रे. तुझी लेक चंपा नव्हती. बाळंत झाल्यावर रक्त थांबेना. धुतलेल्या मलमलीसारखी पांढरी पडली पोर. बाटलीनं रक्त चढवलं तेव्हा कुठे ओठांना रंग आला. तशाही अवस्थेत तिनं माझा हात धरून सांगितलं, "आत्या, अप्पांना कळवू नका. ते मिळेल त्या गाडीत चढतील." म्हणून कळवलं नाही. आता ती हिंडतेफिरते, स्वयंपाक करते, धाकटी अंगावर पिते. आता सांगायला हरकत नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या कृष्णाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तिसरी वेळ निभावली. चौथी निभावेल असं मी म्हणणार नाही. ऑपरेशन करून मूल होणं कायमचं बंद करा. हिचं करा, नाही तर तुमचं." तीन मुली आहेत, देवानं धडधाकट दिल्या आहेत, तेवढ्यावर समाधान माना, असंही म्हणाल्या.

तेव्हापासून घरात तोच विषय आहे. आणि गंमत ऐक. लोकांकडे नवराबायको साडीवरून, सिनेमावरून भांडतात. आमच्याकडे ही दोघं सुरीखाली कोण जाणार यावरून भांडतात.

चंपा म्हणते, "तुमच्या पायावर घर चालतं. तुम्ही मशीनवर बसला नाहीत तर चूल पेटायची नाही. माझंच करा."

कृष्णा म्हणतो, "तुझं पोट उघडावं लागतं. तुझ्या अंगात रक्त आत्ता कुठे आलंय. माझं म्हणजे दाढ काढण्याइतकं काम आहे, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या."

परवा आमचे नरसिंहराव भावजी आले होते. कृष्णा फळीवर ब्लाउज बेतत होता, मी कॉफी घेऊन आले होते. भावजी म्हणाले, "त्यात वाद कसला? सुनेचंच करून टाका. पुरुषाचा हात मोकळा असावा."

कृष्णानं खडू खाली ठेवला. "मोकळा कशासाठी, काका?"

"कशासाठी म्हणजे? उद्याचं कुणी पाहिलंय!"

"मी उद्याचंच विचारतोय. चंपाला काही झालं तर दुसरी आणायला? की काही न होताच आणायला?"

"तुझ्या कातरीला धार नाही तेवढी जिभेला आहे रे!" असं म्हणून भावजी उठले, कॉफी तशीच राहिली. मी ती पुन्हा तापवून मीच प्याले. माझा मुलगा खरा, पण त्या वेळी तो मला कुणा मोठ्या माणसासारखा दिसला.

जयसिंग, तू तिचा बाप आहेस. आधी तुला विचारावं असं मला वाटलं. काय ते लिही.

तुझी
अक्का


बंगळूर
२८ जून १९६०

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी इडलीचं वाटायला बसले होते, हात पिठाचे, म्हणून चंपानंच फोडून वाचलं. मी "राहू दे गं, मी वाचते" म्हणेपर्यंत तिचं वाचून झालं होतं. "माझ्या लेकीला आणखी एक संधी द्या, एक मुलगा होऊ द्या, मग काय ते करा," हे सगळं तिनं आपल्या डोळ्यांनी वाचलं. वर तिच्यासाठी वेगळी एक ओळसुद्धा नव्हती. तीही वाचली म्हणायची तिनं.

रडली नाही. पत्राची नीट घडी करून म्हणाली, "आत्या, अप्पांना नातू पाहिजे. मला माझ्या तीन मुलींना आई पाहिजे."

 मी पुन्हा इडलीचं वाटायला लागले.

तुला वाटेल, पोर उलट बोलायला लागली, सासरचं वारं लागलं. तसं नाही रे. गेले काही मंगळवार ती बनशंकरीच्या देवळात जाते. तिथं राहुकाळात बायका लिंबाच्या सालीत तूप घालून दिवे लावतात, मुलगा होऊ दे म्हणून, नवऱ्याची दारू सुटू दे म्हणून. मी तिला विचारलं, तू काय मागतेस? तर म्हणाली, "मला पुन्हा दिवस जाऊ नयेत एवढंच मागते. शेजारची बाई मूल मागत होती. आम्ही दोघी एकाच वातीनं दिवे लावले." किती दिवस ही पोर रोज भीत भीत निजत असेल, याचा मला पत्ता नव्हता. एकाच घरात राहून नव्हता.

तू लिहिलंस, माझ्या लेकीचं पोट कापू देणार नाही. सरी, मान्य. नाही कापणार. कृष्णा जाणार आहे.

त्यानं आषाढच का धरला ते सांगते, म्हणजे तो किती विचारानं वागतो ते तुला कळेल. आषाढात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत. शाळेचे गणवेश शिवून झाले. मशीन अर्धा दिवस तसंही बंदच असतं. डॉक्टरांनी आठवडाभर मशीनला पाय लावू नको सांगितलंय, मग गिऱ्हाइकाचं नडणार नाही आणि गल्लीत बोभाटाही होणार नाही. श्रावण लागला की पुन्हा बसायचं.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा होऊन गेलेलं असेल. तुझं उत्तर येईपर्यंत थांबावं असं मी म्हटलं होतं. कृष्णा म्हणाला, "आई, मामांचं उत्तर मला माहीत आहे. आणि माझंही बदलणार नाही. मग मामांना दोनदा कशाला दुखवायचं?"

अंबुबाईला माझा नमस्कार नाही, जवळ घेते म्हणून सांग.

तुझी
अक्का


बंगळूर
१६ जुलै १९६०

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

तू लिहिलं नाहीस. मी लिहिते.

कृष्णा सुखरूप आहे. सकाळी पायी गेला, दुपारी जटक्यातून एका कुशीवर बसून आला. घोडा जरा उधळला की तोंड वाकडं व्हायचं त्याचं. चंपा दारातच उभी होती. तिला म्हणाला, "दाढच बरी होती." ती हसली. हसता हसता दाराची चौकट धरून उभी राहिली, आणि मग आत जाऊन भाताचं आधण ठेवलं. मी मुद्दाम आत गेले नाही.

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट ऐक. आषाढात मशीन बंद असलं तर कुणाला कळणार, असा हिशेब केला होता आम्ही. पण ही गल्ली मशीनच्या आवाजावर जगते हे विसरलो. शिवाप्पा बांगडीवाला आमचं मशीन सुरू झालं की दुकान उघडतो. समोरच्या घरची म्हातारी त्या आवाजावर डुलकी काढते. आषाढात काम कमी असलं तरी कृष्णा जुनं उसवून, पडदे शिवून, काहीतरी करत बसतोच. आणि तो आवाज एकदम बंद.

शिवाप्पा आला. "काय अक्का, मशीन का गप्प?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ताप आहे रे स्वल्प."

झालं. त्याच्या बायकोनं मिऱ्याचा कषाय उकळून पाठवला. नसलेल्या तापाला बिचाऱ्यानं वाटीभर कडू कषाय गिळला, का तर ती समोर उभी. दुसऱ्या घरून सार आलं. तिसरीनं दृष्ट काढली. आणि मग आपल्या देवीच्या देवळातले वडीलधारे, हणमंतराव आजोबा, काठी टेकत स्वतः आले, देवीचा अंगारा घेऊन.

त्यांनी चिमूट पुढे केली तसा कृष्णा उठून बसला. म्हणाला, "आजोबा, अंगारा नको. मला ताप नाही. कषाय प्यायलो, पण देवीचा अंगारा खोट्या तापाला लावून घेणार नाही." आणि सरळ सांगून टाकलं. काय केलं, का केलं, कुणी कुणाला भाग पाडलं नाही, सगळं.

 दारात शिवाप्पा, त्याची बायको, ओटीवर आणखी दोघं. 

आजोबांनी अंगाऱ्याची चिमूट मागे घेतली. मग म्हणाले, "नवरात्रात देवीची चोळी तुमच्या घरी शिवतात. तिला अव्यंग हात लागतो, कृष्णा."

कृष्णानं दोन्ही हात पुढे केले. "हात अव्यंगच आहेत, आजोबा. बघा."

त्यांनी पाहिले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "पंचांना विचारू," म्हणाले, आणि अंगारा मुलींना लावून गेले.

मग गल्लीत जे व्हायचं ते झालं. आवाज बारीक झाला का म्हणून ऐकायला लोक येऊ लागले. देवाप्पा हमाल बाहेर उभा राहून दुसऱ्याला सांगत होता, "आता गडी बाईसारखा बोलणार बघ." आतून कृष्णा एवढ्या मोठ्यानं गरजला, "देवाप्पा, सदऱ्याचं माप द्यायचंय ना? आत ये!" की देवाप्पाच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला.

आणि मशीन? ते चंपानं चालवलं. शिवाप्पाच्या मेव्हणीचा परकर अडला होता. कृष्णानं बसल्या बसल्या बेतून दिला, आणि ती डोक्यावरून पदर घेऊन दुकानाच्या तोंडाशी, रस्त्यावर, मशीनवर बसली. आपल्या घरात आजवर बाई आत काजं करायची, बाहेर मशीनवर नाही. पहिली शिवण नागमोडी गेली. कृष्णा म्हणाला, "उसव." तिनं उसवली. दुसरी सरळ आली. समोरच्या म्हातारीनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "आज झोप लागली गं!"

तू बाप आहेस, तुला राग यायचाच. पण हे पाहिलं असतंस तर रागाबरोबर आणखी काहीतरी आलं असतं.

अक्का


बंगळूर
३० ऑगस्ट १९६०

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

गौरी-गणपती झाले. तुझा कागद नाही. दरवर्षी गौरी गेल्या की तुझ्याकडून देवीच्या चोळीसाठी गुळेदगुड्डचा खण येतो. आपल्या वडिलांनी माझ्या लग्नात बोलून ठेवलेलं, त्यांच्या मागे तू कधी चुकवलं नाहीस. तुझे दाजी होते तोवर पुडक्यावर त्यांचं नाव, ते गेल्यावर कृष्णाचं. यंदा पुडकं नाही. प्राणेशचं पत्र आलं मात्र. लिहितो, "अप्पा म्हणतात, खच्ची माणसाच्या नावानं मी देवीचा खण पाठवणार नाही."

हा शब्द मी कृष्णाला वाचून दाखवला नाही. चंपालाही नाही. पत्र मिटून डब्यात ठेवलं. तुला मात्र सांगते, तो शब्द चुकीचा आहे, आणि चुकीचा असल्यापेक्षा अन्यायाचा आहे.

परवा देवळात पंच बसले होते. एक म्हणाला, यंदा चोळी दुसऱ्या घरी द्यावी. दुसरा म्हणाला, पोरगा खोटं बोलला नाही, लपवलं नाही, त्याच्याकडून काढून कशी घ्यायची? शेवटी हणमंतराव आजोबा म्हणाले, "रीत अशी आहे की खण ज्याच्या नावानं येईल त्यानं शिवावा. पंचांनी त्यात हात घालू नये. हुबळीहून कृष्णाच्या नावानं आला तर कृष्णा शिवेल. नाही आला तर दुसरं घर बघू." म्हणजे सगळं तुझ्यापाशी येऊन थांबलंय. पंचांनी तुझ्याकडे ढकललं असंही म्हण हवं तर.

म्हणून मी आज जरा मोठं लिहिते. कंटाळू नकोस.

तुला नातू पाहिजे होता तो कशासाठी, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तुला नातवाची हौस नाही, लेकीची काळजी आहे. मुलगा नसलेल्या बाईचं काय होतं ते आपण लहानपणी शेजारच्या कस्तुराबाईच्या घरात पाहिलंय. सवत आली आणि तिला परसातली खोली मिळाली. ती आपल्याकडे फुलं मागायला यायची तेव्हा तू आत पळायचास, तिच्याकडे बघवायचं नाही तुला. तेच तुझ्या मनात बसलंय. चंपाला तीन मुलं झाली, प्रत्येक वेळी मुलगी झाली की तुझं पत्र लहान व्हायचं. दुसरी बायको करायची नाही असा कायदा झालाय म्हणतात, पण कायदा काय गल्लीत बाईच्या खोलीपर्यंत येतो?

आता शांतपणे विचार कर. नरसिंहराव भावजी काय म्हणाले होते? पुरुषाचा हात मोकळा असावा. म्हणजे चंपाचं ऑपरेशन झालं असतं, तर ती मुलं होणं थांबलेली, मुलगा नसलेली बाई, आणि कृष्णा मोकळा. तुला ज्याची भीती, त्याला दार सताड उघडं. आणि माझ्या मुलानं काय केलं? ते दार त्यानं स्वतःच्या अंगावर टाका घालून बंद केलं. आता भावजींनी कितीही स्थळं आणली तरी मुलग्याच्या नावानं सवत आणायचं कारणच उरलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. तुझ्या लेकीला जेवढं अभय तू बाप असून देऊ शकत नव्हतास, तेवढं त्यानं एका सकाळी देऊन टाकलं, आणि दुपारी घरी येऊन दाढेचा विनोद केला.

असा जावई मी दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता. माझ्याच पोटचा आहे म्हणून इतके दिवस मोठ्यानं बोलायला लाज वाटत होती. आज नाही वाटत.

आणि देवाप्पा, तोच बारीक आवाजवाला, परवा सदऱ्याचं माप द्यायला आला. माप देऊन झालं तरी जाईना. मग हळूच विचारतो, "कृष्णाप्पा, वजन उचलता येतं ना नंतर?" ओझी वाहण्यावर त्याचं पोट, भीती खरी आहे.  बाहेर कापडाचा गठ्ठा उतरवायचा होता, त्याचं एक टोक कृष्णानं धरलं, दुसरं देवाप्पानं. दोघांनी मिळून आत आणून ठेवला. देवाप्पाला उत्तर मिळालं. आता माप द्यायला म्हणून येणारे वाढलेत. सदरे किती शिवले जातील कोण जाणे!

चंपानं तुझ्याबद्दल एकदाही वाकडा शब्द काढला नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मात्र तिच्या पायाखालचं मशीन थांबतं. तो पुढे गेला की चालू होतं. आता गल्लीही त्यावरून पोस्टमन आला हे ओळखते.

खण पाठवायचा की नाही ते तुझ्यावर. मी विनवणी करत नाही. फक्त नाव लिहिताना कुणाचं लिहितोयस ते लक्षात घे.

तुझी
अक्का


बंगळूर
१९ सप्टेंबर १९६०

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

पुडकं पोचलं. हिरवा खण, मोरपिशी काठ, गेल्या कुठल्याच वर्षापेक्षा उजवा. आणि वर तुझ्या हातचं, कुंकवाचं बोट लावून, स्वच्छ अक्षरात कृष्णाचं नाव. नुसतं कृष्णमूर्ती नव्हे, "आमचे जावई कृष्णमूर्ती" असं. ते तू कधी लिहीत नसायचास. हणमंतराव आजोबांनी चष्मा लावून वाचलं आणि पुडकं तसंच कृष्णाच्या हाती दिलं. 

कृष्णा आंघोळ करून, सोवळ्यात, मशीनवर बसला. कालच शिवून झाली. परवा घट बसतील तेव्हा देवीच्या अंगावर असेल. इतक्या बारीक टाक्याची चोळी त्याच्या बापानंही शिवली नव्हती. आजोबांनी टाके बोटानं चाचपून पाहिले, मग त्याच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली, लपवत नाही.

तुझे गुण आज मी कुणाकुणापुढे गाइले म्हणून सांगू! रागावलेला माणूस आपला राग गिळून असं नाव लिहितो, हे सोपं नाही. माझा भाऊ आहे तो, असं सगळ्यांना सांगितलं.

पण एक राहिलं, जयसिंग. खण कृष्णानं बाहेर काढला तसा चंपानं पुडक्याचा कागद घेतला. उलटा करून पाहिला. खणाच्या घड्या उघडून पाहिल्या, मग अलगद झटकून पाहिला. दोन ओळी असतील, चिठ्ठी असेल म्हणून. काही नव्हतं. तिनं खणाची पुन्हा घडी केली आणि म्हणाली, "आत्या, अप्पांना घाईत जमलं नसेल." कृष्णा म्हणाला, "मामा लिहितील गं. एवढं नाव लिहिलं, तर पुढचं का नाही लिहिणार?"

आज सकाळी मशीनवरून तिनं मान न वळवता विचारलं, "आत्या, हुबळीचं टपाल अलीकडे उशिरा येतं का हो?"

मी म्हटलं, "हो गं, फार उशिरा."

माझ्यावर बिचाऱ्या पोस्टावर खोटा आळ घ्यायची पाळी आणू नकोस. मला उत्तर नको, माझं मिळालं. तिला लिही. नातवाचं नको, ऑपरेशनचं नको, रीतीभातीचं नको. बाळंतपणात तिचं काय झालं होतं ते मला आता कळलं, आणि ती जगली म्हणून मला आनंद झाला, एवढंच लिही. तुझ्या हातानं, तिच्या नावानं. आणि लवकर लिही रे.

तुझी
सकवार अक्का